किती कोस, किती प्रहर?

शेजारच्या माईंनी मागच्या पंधरवड्यात आम्हांला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देताना आमची जी तारांबळ उडाली, तिच्यातूनच या महिन्याचे हे लिखाण उद्भवले आहे. देवापाशी दिवा लावून माई ओट्यावर येऊन बसल्या होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग सहज विचारल्यासारखे त्या म्हणाल्या, "तुम्ही मासिकात लिहिता, तेव्हा एवढे सांगा. आमचा थोरला राहतो ते सॅन फ्रान्सिस्को इथून किती लांब?"

आम्ही उत्तर देण्याआधीच घरातून दोन उत्तरे आली. धाकटी सून म्हणाली, "दिल्लीहून सोळा तास." नातू म्हणाला, "बारा हजार चारशे किलोमीटर." माईंनी दोन्ही ऐकून घेतली आणि मान हलवली. "हे गेले तेव्हा त्याला यायला दोन रात्री लागल्या होत्या," त्या म्हणाल्या. तीन माणसे, तीन उत्तरे, आणि गंमत अशी की तिन्ही खरी. मग चूक कोठे आहे, हे शोधणे आम्हांला भाग पडले.

आपल्या पूर्वजांची या बाबतीत गल्लत होत नसे, कारण ते अंतर आणि वेळ वेगळे ठेवीतच नसत. एक गाव एका मजलेवर, पुढचे गाव दुसऱ्या मजलेवर. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. वाट घाटाची असेल तर मजल लहान, सपाट असेल तर मोठी. पावसाळ्यात नदी उतरेना झाली की काठावरचा मुक्काम वाढे आणि गाव आपोआप लांब जाई. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेव्हाच्या पुण्याकल्याणच्या लोकांना अमेरिका किती मैलांवर आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती आठ आठवड्यांवर आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. किलोमीटर आणि तास यांची फारकत पुढे आगगाडीने केली आणि विमानाने ती पुरी झाली असे आपण समजतो. वस्तुतः विमानाने आपल्याला पुन्हा मजलेकडेच नेले आहे. कसे ते पाहू.

प्रथम नातवाचे बारा हजार चारशे किलोमीटर. हा आकडा चुकीचा नाही. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेले कमीतकमी अंतर सुमारे तेवढेच भरते. जुन्या हिशेबाने जवळजवळ चार हजार कोस. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून याच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटरहून, अधिक दूर असूच शकत नाहीत. तेव्हा माईंचा थोरला जगाच्या टोकाला गेला आहे हे म्हणणे अगदीच अतिशयोक्तीचे नाही, पण टोक अजून बरेच पुढे आहे.

परंतु हे अंतर कोणत्या वाटेने मोजायचे? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर फसगत होते, कारण गोल वस्तूचे साल सपाट पसरताना ते कोठेतरी ताणले जाणारच. नातवाचा पृथ्वीचा गोल कपाटावर धूळ खात होता तो आम्ही खाली काढला, माईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि त्याचे एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणला. दोरा युरोपवरून जाईना आणि जपानवरूनही जाईना. तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला चढला, हिमालय आणि तिबेट ओलांडून अल्ताई पर्वताकडे गेला, सबंध सैबेरिया कापून आर्क्टिक महासागरात शिरला, उत्तर ध्रुवापासून सुमारे सोळाशे किलोमीटरवर वळसा घेऊन अलास्कावर उतरला आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली आला. माई गोलाकडे बराच वेळ पाहत होत्या. "म्हणजे मानससरोवराच्या बाजूने जातो का?" त्यांनी विचारले. दोरा जातो खरा. विमान जात नाही.

त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. विमान उडते दहा-बारा किलोमीटर उंचीवर आणि तिबेटचे पठार आहे सरासरी साडेचार किलोमीटर उंच. मग अडचण कोठली? अडचण येते ती विमानातला हवेचा दाब अकस्मात गेला तर. अशा वेळी डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबतात हे आपण सगळ्यांनी प्रवासाच्या आरंभीच्या सूचनांत पाहिलेले आहे. हे कोणी सांगत नाही की त्यांतला प्राणवायू साधारणतः बारा-पंधरा मिनिटांचाच असतो. तेवढ्या अवधीत विमानाने दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरच्या उंचीपर्यंत, खाली यावे आणि प्रवाशांनी नेहमीसारखा श्वास घ्यावा, अशी सारी योजना असते. तिबेटवर तीन किलोमीटर उंचीला हवा नसते, तेथे खडक असतो. म्हणून विमाने या पठाराला शक्यतो वळसा घालूनच जातात. म्हणजे सर्वांत जवळची वाट पहिल्या तासातच सोडावी लागते.

मग राहिल्या दोन वाटा. एक पश्चिमेची, युरोप आणि अटलांटिकवरून. दुसरी पूर्वेची, चीन-जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावरून. येथे आमच्या माहितीत जी भर पडली, ती आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना नवी वाटेल अशी आम्हांला आशा आहे.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अशी न थांबता जाणारी सेवा सुरू केली. आरंभी विमान पश्चिमेच्या वाटेने जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये हेच विमान पूर्वेच्या वाटेने नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर लांब. इंदूरहून बंगळूरला जाण्याहूनही अधिक अंतर या वाटेत वाढले. आणि वेळ? तो सुमारे दोन तासांनी कमी झाला. विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचले. लांबची वाट लवकर संपली!

ही किमया वाऱ्याची. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक अरुंद आणि प्रचंड वेगवान वारा सतत वाहत असतो. हवामानशास्त्रज्ञ त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर ही नित्याची गोष्ट, आणि थंडीच्या दिवसांत, ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानातला फरक वाढला की, तो याच्या दुपटीवर जातो. जपानवर आणि त्यापुढच्या महासागरावर तर त्याचा जोर फार. विमानाचा हवेतला वेग ताशी नऊशे किलोमीटर धरला आणि पाठीशी दीडशेचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबाने ते ताशी साडेदहाशे किलोमीटरने जाते. तोच वारा समोरून आला तर साडेसातशेने. नर्मदेत नाव चालवणाऱ्या कोणत्याही नावाड्याला हे गणित शिकवावे लागणार नाही.

या वाऱ्याचा शोधही मोठ्या मजेचा आहे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून आणि दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेऊन या वाऱ्याची मोजमापे केली. हे सर्व जगाला कळावे अशी त्याची इच्छा होती, म्हणून १९२६ मध्ये त्याने आपला अहवाल जपानीत न लिहिता एस्परांतो या नव्याने घडवलेल्या विश्वभाषेत लिहून प्रसिद्ध केला. परिणाम असा झाला की तो जगात जवळजवळ कोणीच वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, जपानवर फार उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांची गणिते चुकू लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्याची ओळख झाली. मराठीत लिहावे की हिंदीत की इंग्रजीत, हा वाद आमच्या गावात अधूनमधून उठतो. त्यात भाग घेणाऱ्यांना ओइशीची ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत असतो. त्यातून कोणती बाजू सिद्ध होते हे मात्र आम्हांला अजून नक्की ठरवता आलेले नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीही बोलून दाखवला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसते आकाशात उभे राहिले तरी अमेरिका आपण होऊन खाली येईल, आणि पश्चिमेला जाणे सोपे पडेल, असे त्यांचे म्हणणे. तसे होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसेच हे. फरक पडतो तो डब्यातल्या वाऱ्याने.

पण वारा आपला आणि वाट मोकळी असे मानले, तरी विमानाला पोटाची चिंता असतेच. या मार्गावर प्रथम जी बोइंग ७७७-२०० एलआर जातीची विमाने वापरली गेली, त्यांच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. वजनात ते १४५ टन. विमानाचे उड्डाणाच्या वेळचे अधिकतम वजन सुमारे ३४७ टन, म्हणजे दर शंभर किलोंतले चाळीस किलो नुसते इंधन. आणि आरंभीचे बरेचसे इंधन शेवटचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होते! म्हणून समोरचा वारा बळावला किंवा वाट वाढली की एक तर काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, नाही तर वाटेत कोठेतरी उतरून टाक्या भराव्या लागतात. या एका उतरण्याने, इंधन भरणे, पुन्हा रांगेत लागणे, हे सगळे धरून दोन-तीन तास सहज जातात.

आणि वाट वाढवणारी गोष्ट केवळ निसर्गाची नसते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते पुरतेपणी जुलैच्या मध्यावर उघडले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने आपले आकाश युरोपीय आणि मग अमेरिकी विमानांना बंद केले. भारतीय विमानांना ते उघडे राहिले. त्यामुळे एकाच दोन गावांमधले अंतर एका कंपनीला एक आणि दुसरीला दुसरे, अशी स्थिती झाली. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या वाटा पुन्हा लांबल्या. जमिनीवर कोठेही एक इंचभर काही सरकले नव्हते.

सैबेरियावरून जाण्याचा अर्थ काय, हे ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका विमानातल्या २१६ प्रवाशांना कळले. इंजिनात बिघाड दिसल्याने ते विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरवण्यात आले. दोन इंजिनांच्या विमानाने वाटेत कोठेही असले तरी ठरावीक वेळात गाठता येईल असा एखादा विमानतळ हाताशी ठेवावा, असा नियम आहे, आणि मगदान हा तशा आधाराच्या ठिकाणांपैकी एक. गाव लहान. एवढ्या माणसांना पुरतील एवढ्या खाणावळी-हॉटेले तेथे नव्हती, म्हणून कित्येकांना वसतिगृहांत आणि शाळेत गाद्या टाकून झोपावे लागले. दुसरे विमान जाऊन त्यांना घेऊन ८ जूनला पुढे पोहोचले. तिकिटावर त्यांचाही प्रवास सोळा तासांचाच होता.

तासांचा हा घोळ कमी म्हणून की काय, घड्याळाचा निराळाच घोळ आहे. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असते, थंडीत साडेतेरा. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघालेले विमान पंधरा तास उडून उतरते, तेव्हा तेथे त्याच तारखेची सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कागदावर अडीच तासांचा प्रवास! पूर्वेच्या वाटेने गेल्यास मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. ती ओलांडताच रविवारचा पुन्हा शनिवार होतो आणि उतरेपर्यंत पुन्हा रविवार उजाडतो. एकादशी करणाऱ्यांनी कोणता वार धरावा? तिथी हा चंद्र-सूर्यांमधल्या अंतराचा हिशेब आहे, त्यामुळे ती जगात सर्वत्र एकाच क्षणी बदलते. पण आपण धरतो ती सूर्योदयाची तिथी, आणि सूर्योदय ज्याचा त्याचा वेगळा. म्हणून इंदूरचे पंचांग कॅलिफोर्नियात जसेच्या तसे चालत नाही. माईंचा थोरला वडिलांचे श्राद्ध तेथल्या गणिताच्या पंचांगाप्रमाणे करतो. ते कधी कधी इथल्या तारखेहून एक दिवस वेगळे पडते, आणि माईंना ते मनातून पटत नाही, हे आम्ही जाणतो.

आता माईंच्या दोन रात्रींविषयी. माईंचे यजमान गेले ते एप्रिल २०१९ मध्ये, मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास. थोरल्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याच्याकडे सोमवारची रात्र होती, साडेआठची. त्याने तत्काळ तिकीट काढले आणि कळवले, "विमान सोळा तासांचे आहे. माझ्यासाठी थांबा." घरच्यांनी सोळा तास ऐकले आणि थांबायचे ठरवले. शीतपेटी भाड्याने आणली. वस्तुतः ते विमानच तेथून निघणार होते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे आपल्या मंगळवारी रात्री साडेदहाला. तेरा तास येथेच गेले होते. सर्व सुरळीत झाले असते तर बुधवारी दुपारी अडीचला दिल्ली आणि संध्याकाळच्या विमानाने रात्री आठपर्यंत घर. पण आकाश बंद असल्याने वळसा पडला, वाटेत इंधनासाठी उतरावे लागले, आणि दिल्लीला पोहोचायला चार तास उशीर झाला. इंदूरचे विमान सुटून गेले होते. दुसरे होते गुरुवारी पहाटे. तो दारात आला तेव्हा गुरुवारी सकाळचे आठ वाजले होते. सत्तेचाळीस तास.

त्या सत्तेचाळीस तासांत त्या घरात काय झाले, ते आम्ही शेजारी असल्याने पाहिले आहे. चूल पेटली नाही. आलेले नातेवाईक किती वेळा उठून पुन्हा बसले. बुधवारी रात्री धाकट्याचा आणि चुलत्यांचा शब्दाला शब्द लागला. चुलते म्हणत होते आता थांबू नये, धाकटा म्हणत होता दादाला काय तोंड दाखवू. दोघांचेही खरे होते. माई एका कोपऱ्यात बसून होत्या आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. गुरुवारी दहाला मंडळी मुक्तिधामाकडे निघाली तेव्हा थोरल्याच्या पायांत तोल नव्हता. त्या चार तासांच्या वळशाने वस्तुतः बारा तास घेतले, हे आम्ही आज कागदावर मांडून पाहतो तेव्हा कळते. त्या दिवशी कोणालाच हे कळत नव्हते.

आमच्या या मासिकाच्या वाचकांत अशी घरे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांनी तिकिटावरचे तास विचारू नयेत, दारापासून दारापर्यंतचे तास विचारावेत, आणि त्यात निघायचे विमान केव्हा आहे आणि शेवटच्या टप्प्याचे विमान चुकले तर पुढचे केव्हा, हे दोन प्रश्न आधी घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. थांबावे की थांबू नये, याविषयी मात्र आम्ही मत देणार नाही.

हे सारे गणित आम्ही माईंना समजावून सांगितले. दोरा, वारा, तिबेट, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे नक्की कोणी सांगू शकत नाही."

"नाही," आम्ही म्हणालो.

"मग मी बरोबर केले." त्यांनी उठून आत जाऊन एक वही आणली. तिच्यात थोरल्याला लिहिलेले पत्र होते, अजून धाडलेले नव्हते. आम्हांला चष्मा लावून वाचायला लावले. माझे झाले की माझ्यासाठी कोणी थांबायचे नाही, अग्नी धाकट्याने द्यायचा, असे त्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते. आणि खाली : तू घाई करून, मिळेल त्या विमानाने, जिवाचे हाल करून येऊ नकोस, दहाव्याला ये, तेवढ्यात कोणत्याही वाटेने पोहोचता येते.

"शुद्धलेखन तेवढे पाहा," माई म्हणाल्या.